मामांच्या ट्रंकेतले हंटर

प्रश्न : मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो आणि गेल्या वर्षी नोकरीतून निवृत्त झालो. दिवाळीपूर्वी माळ्याची आवराआवर करताना माझ्या दिवंगत मामांची पत्र्याची ट्रंक उघडली, तेव्हा तिच्यात प्लॅस्टिकच्या विमानाचे एक किट सापडले. मामांनी ते 1972 साली इंग्लंडहून परतताना माझ्यासाठी आणले होते. परंतु "तुझा हात अजून बसलेला नाही, थोडा मोठा झालास की दोघे मिळून करू" असे म्हणून त्यांनी ते जपून ठेवले आणि पुढे शिक्षण, नोकरी, बदल्या यांत ते आम्हा दोघांच्याही विस्मरणात गेले. विमान हॉकर हंटर असून प्रमाण 1/72 आहे. खोक्याचे कोपरे दबले आहेत, सूचनापत्रक कसरीने अर्धे खाल्ले आहे, पंखाचा एक भाग धनुष्यासारखा वाकला आहे, गोंदाची नळी दगडासारखी झाली आहे आणि पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रे जुन्या पोथीच्या पानासारखी पिवळी पडली आहेत. भाग मात्र मोजून पाहिले, सर्व आहेत. हे किट आता तसेच जपून ठेवावे की बांधावे? बांधायचे तर आपल्या हवाई दलाचे हंटर करता येईल का? आणि पन्नास वर्षांपूर्वीचे प्लॅस्टिक हाताळताना सुरुवात नेमकी कोठून करावी?

उत्तर : आपण ते बांधावे. जुनी किटे जमवणारे संग्राहक न उघडलेले खोके, अखंड पत्रक आणि स्वच्छ डिकल्स (पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रे) शोधतात, आणि आपल्या किटात यांपैकी काहीच उरलेले नाही. पण याहून मोठे कारण असे की, बंद ठेवल्याने किट जसेच्या तसे राहत नाही. उन्हाळ्यात पत्र्याच्या ट्रंकेत प्लॅस्टिक तापते आणि वाकते, पावसाळ्यात डिकल्सचा गोंद निकामी होतो आणि कागदाला कसर लागते. जोडलेले व रंगवलेले विमान मात्र काचेच्या कपाटात आणखी कित्येक वर्षे नीट राहते. मामांनी ते "करू" म्हणून ठेवले होते, ही गोष्टही मला येथे विचारात घेण्यासारखी वाटते.

भारतीय हंटर करण्याची आपली कल्पना केवळ भावनेपोटी नव्हे, तर बांधणीच्या दृष्टीनेही सोयीची आहे. सिडनी कॅम यांनी आखलेले हे विमान 20 जुलै 1951 रोजी प्रथम उडाले आणि 1957 साली भारताने त्यातील 160 विमानांची मागणी नोंदवली. भारताला मिळालेले मार्क 56 हे ब्रिटिश हवाई दलाच्या एफ 6 वरूनच घडवलेले होते, त्यामुळे आपले किट एफ 6 चे असल्यास मूळ आकारात मोठा फेरफार करावा लागत नाही. डिसेंबर 1971 मध्ये लोंगेवालाच्या वाळवंटात शत्रूचे रणगाडे अडवले ते जैसलमेरहून उडालेल्या याच जातीच्या विमानांनी. आणि आपण ग्वाल्हेरकर आहात म्हणून मुद्दाम सांगतो : भिंड रस्त्यावरच्या महाराजपूर तळावरून उडणारी मिराज 2000 ज्या 7 क्रमांकाच्या स्क्वाड्रनला 1985 साली मिळाली, तीच स्क्वाड्रन 1965 च्या युद्धात हंटर उडवत होती. सकाळी घराच्या गच्चीवरून ज्यांचा आवाज आपण ऐकता, त्यांच्या स्क्वाड्रनचे जुने विमान आपल्या ट्रंकेत पडून होते.

फरक म्हणावा असा एकच आहे. भारतीय हंटरच्या शेपटीच्या मुळाशी, जेटच्या नळकांड्याच्या अगदी वर, ब्रेक पॅराशूटची एक लांबट डबी असते आणि एफ 6 च्या किटात ती सहसा नसते. ज्या फ्रेमला भाग जोडलेले असतात तिचाच सेंटिमीटरभर तुकडा कापून, कानशीने एका बाजूने गोल व दुसऱ्या बाजूने सपाट करून ती तयार करता येते. नाकाखाली दोन्ही बाजूंना जे दोन फुगवटे असतात त्यांत तोफांच्या काडतुसांच्या कड्या जमा होत असत. ते किटात आहेत की नाहीत हे आधी पाहून घ्यावे. माप तपासण्यासाठी पट्टी पुरेशी आहे. खऱ्या विमानाचा पंखविस्तार 10.26 मीटर आणि लांबी सुमारे 13.98 मीटर असल्यामुळे 1/72 प्रमाणात ती अनुक्रमे सुमारे 142 आणि 194 मिलिमीटर भरली पाहिजेत. एक-दोन मिलिमीटरचा फरक आढळला तर तो सोडून द्यावा.

आता सुरुवातीविषयी. पहिले आठ दिवस गोंदाला हात लावू नये. सर्व भाग फ्रेमसकट कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब टाकून मऊ ब्रशने धुवावेत, कारण साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट पदार्थ पन्नास वर्षांनंतरही पृष्ठभागावर असतो आणि त्यावर रंग धरत नाही. बेसिनच्या तोंडावर चहाची गाळणी ठेवावी. वाहून गेलेले नाकाचे चाक पुन्हा कोठेही मिळणार नाही. भाग पंख्याखाली वाळवावेत, उन्हात ठेवू नयेत. त्यानंतर प्रत्येक फ्रेमचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा आणि सूचनापत्रकाचा नष्ट झालेला भाग शोधावा. संग्राहकांनी अनेक जुनी पत्रके स्कॅन करून इंटरनेटवर ठेवलेली आहेत.

वाकलेल्या पंखाची चिंता करू नये. हे प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, सुमारे 100 अंश सेल्सिअसला मऊ पडते, म्हणून उकळते पाणी वापरल्यास पातळ कडा वेड्यावाकड्या होतात. बोटाला चटका बसेल एवढे तापलेले पाणी परातीत घ्यावे, पंख त्यात मिनिटभर ठेवावा, बाहेर काढून दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी अगदी थोडा उलट दिशेने वाकवावा आणि तसाच धरून थंड पाण्यात बुडवावा. एका खेपेत सरळ करण्याचा आग्रह धरू नये, कारण जुने प्लॅस्टिक ठिसूळ झालेले असते आणि जोर लावल्यास कडकन तुटते. तीन-चार खेपांत तो काचेच्या तुकड्यावर सपाट बसू लागेल. याच ठिसूळपणामुळे भाग फ्रेममधून पिळून तोडू नयेत. बारीक कटरने भागापासून दोन मिलिमीटर अंतरावर कापून उरलेला खुंट पॉलिश पेपरने घासावा. अशा कामासाठी लागणाऱ्या बारीक कानशी, चिमटे आणि हातात फिरवायचे ड्रिल छंदाच्या महागड्या दुकानातून मागवण्याची गरज नाही; आपल्या सराफ्यात सोनारी अवजारांच्या दुकानी ती उत्तम प्रतीची मिळतात.

यानंतर गोंद न लावता संपूर्ण विमान कागदी मास्किंग टेपने एकदा जोडून पाहावे. या एका कृतीवर मी फार भर देतो. त्या काळच्या साच्यांत भाग एकमेकांत चपखल बसतीलच असे नसते, आणि हंटरमध्ये तर हवा आत घेणारी तोंडे पंखाच्या मुळाशी असल्यामुळे पंख व धड यांची सांध सर्वांत उघड जागी येते. फट दिसली की ती भरण्याच्या तयारीला न लागता प्रथम तिचे कारण शोधावे. बहुतेक वेळा आतल्या बाजूला राहिलेली प्लॅस्टिकची पातळ कड किंवा जाड खुंटी भागाला अडवत असते आणि ती तासली की अर्धी फट आपोआप मिटते. उरलेल्या फटीसाठी फ्रेमचेच बारीक तुकडे पातळ गोंदात विरघळवून दाट लापशी करावी. ती वाळल्यावर मूळ प्लॅस्टिकच होते, त्यामुळे घासताना पृष्ठभाग खालीवर होत नाही.

आता वजनाविषयी सविस्तर लिहितो, कारण धड एकदा बंद झाले की ही चूक सुधारता येत नाही. हंटर तीन चाकांवर उभे राहते, एक नाकाखाली आणि दोन पंखांखाली, आणि प्लॅस्टिकच्या प्रतिकृतीत शेपटीकडचा भाग जड पडत असल्याने नाकात वजन न घातल्यास विमान शेपटीवर बसते. टेपने जोडलेले विमान मागच्या दोन चाकांच्या रेषेत आडव्या पेन्सिलीवर ठेवावे आणि नाकावर बाहेरून टेपने वजन वाढवत जावे. नाक स्वतःहून खाली झुकले की तेवढे वजन आणि त्यावर आणखी थोडे, पॅराशूटच्या डबीसाठी आणि रंगासाठी, आत बसवावे. वजन जितके पुढे तितके कमी लागते, म्हणून प्रथम नाकाचे टोक भरावे, नंतर वैमानिकाच्या बैठकीखालची जागा.

वजन कशाचे घ्यावे, याबाबत माझा स्वतःचा अनुभव सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका विमानाच्या नाकात मी गळाला लावायचे शिशाचे मणी लाकडाच्या पांढऱ्या गोंदात बसवले होते. विमान चांगले झाले होते आणि कपाटात नीट उभे होते. तिसऱ्या पावसाळ्यानंतर त्याच्या नाकाखालच्या सांधीवर केसाएवढी रेघ दिसली. पुढच्या वर्षी त्या रेघेत नख जाऊ लागले, रंगाचा पापुद्रा उचलला गेला आणि फटीतून पिठासारखी पांढरी भुकटी बाहेर येऊ लागली. त्या गोंदातून हळूहळू सुटणारे ॲसिटिक आम्ल शिशाशी संयोग पावते, शिशाचे कार्बोनेट तयार होते, ते मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापते आणि बंद धड आतून फोडते. ते विमान वाचले नाही. म्हणून आपण शिसे वापरूच नये. सायकल दुरुस्तीच्या दुकानात बेअरिंगचे जुने पोलादी छर्रे मिळतात. ते रॉकेलने पुसून, तेल पूर्ण काढून, दोन नळ्यांच्या इपॉक्सी गोंदात बसवावेत. पोलाद शिशापेक्षा हलके असल्याने जागा अधिक लागते, परंतु हंटरच्या नाकात आणि बैठकीखाली मिळून ती पुरते.

जोडणीसाठी पॉलिस्टायरीनचा पातळ गोंद घ्यावा. दोन भाग हाताने जुळवून धरावेत आणि ब्रशचे टोक सांधीला फक्त टेकवावे. गोंद आपोआप सांधीभर ओढला जातो, दोन्ही कडा विरघळवतो आणि त्या एकजीव होतात. जुनी नळी फेकून द्यावी. पारदर्शक काचेसाठी मात्र हा गोंद किंवा झटपट चिकटणारा सुपरग्लू यांपैकी काहीही वापरू नये, कारण पहिला काच विरघळवतो आणि दुसऱ्याच्या वाफेने तिच्यावर पांढरे धुके धरते. तेथे पांढरा गोंदच योग्य. काचेवरचे चरे 2000 क्रमांकाच्या वॉटर पेपरने पाण्यात घासून नंतर टूथपेस्टने मऊ कापडावर चोळल्यास जवळजवळ नाहीसे होतात.

आपल्या किटावर पत्र्यांच्या सांधीच्या रेषा खोदलेल्या नसून उठावाच्या असतील आणि त्यांच्याशेजारी रिव्हेटांचे दाणे असतील. हल्ली अनेक जण या रेषा घासून टाकून नव्याने कोरतात. तर्काने ते बरोबर आहेत. अर्ध्या मिलिमीटरचा दाणा 72 पटींनी मोठा केला तर 36 मिलिमीटरचा होतो आणि खऱ्या हंटरचे रिव्हेट पत्र्याच्या पातळीत बसवलेले होते. तरीही माझे मत असे आहे की, आपण त्या तशाच ठेवाव्यात. रंगाच्या दोन पातळ थरांखाली त्या पुष्कळ सौम्य होतात, तिरप्या उजेडात मात्र दिसत राहतात, आणि त्या काळचे किट त्या काळच्या किटासारखे दिसण्यात काही उणे नाही. सांध घासताना पुसल्या गेलेल्या चार-सहा रेषा फ्रेमचा तुकडा मेणबत्तीवर तापवून ओढलेल्या केसासारख्या तारेने पुन्हा बसवता येतात.

रंगासाठी ग्वाल्हेरचा ऋतू पाहून दिवस निवडावेत. मे महिन्यात ॲक्रिलिक रंग ब्रशच्या टोकावरच वाळतो आणि लूबरोबर येणारी धूळ ओल्या रंगावर बसते. पावसाळ्यात इनॅमल दिवसेंदिवस चिकट राहते आणि वार्निशवर दमट हवेने पांढुरकी झाक येते. दिवाळीनंतरचे चार आठवडे आणि फेब्रुवारी-मार्च हा काळ मला सर्वांत चांगला वाटतो. प्रत्येक थरानंतर विमानावर उलटा स्टीलचा डबा झाकून ठेवावा. वरच्या बाजूस गडद हिरवा आणि गडद सागरी राखाडी असे पट्टे येतात. खालच्या बाजूचा रंग आणि पट्ट्यांचे वळण ज्या एका विशिष्ट विमानाचा स्पष्ट फोटो आपल्याला मिळेल त्यावरून ठरवावे; निरनिराळ्या फोटोंची सरमिसळ करू नये, कारण काळ आणि स्क्वाड्रन बदलले की रंगही बदलत.

पिवळी पडलेली डिकल्स ब्रिटिश खुणांची असणार, त्यामुळे त्यांतील लहान सूचनाचिन्हेच आपल्या उपयोगाची आहेत. आधी पूर्ण पान स्कॅन करून घ्यावे. मग ते पारदर्शक पिशवीत बंद करून पूर्वेच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवावे. दोन-तीन आठवड्यांच्या उन्हाने पिवळेपणा बराच उतरतो. नको असलेले एक चिन्ह प्रथम पाण्यात टाकून पाहावे. त्याचे तुकडे झाले तर उरलेल्या पानावर पारदर्शक लॅकरचा थर देऊन तो वाळल्यावर प्रत्येक चिन्ह कडेलगत कापून घ्यावे. पाणी आर.ओ.चे वापरावे, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग वाळल्यावर गडद रंगावर उठून दिसतात. भारतीय राउंडेल, म्हणजे विमानावरचे गोल राष्ट्रचिन्ह, मात्र रंगवणेच उत्तम, कारण घरगुती प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. मास्किंग टेपमध्ये कंपासला पाते लावून वर्तुळे कापावीत; आधी पूर्ण पांढरे वर्तुळ, मग मधले हिरवे, शेवटी बाहेरचे केशरी. शेपटीच्या खुणेत केशरी पट्टा नाकाच्या बाजूस येतो. विमानाचा क्रमांक "बीए" या अक्षरांनी सुरू होतो आणि पुढचे तीन आकडे आपल्या फोटोतून घ्यावेत.

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. आम्ही मोरारला राहतो. विमानांच्या वेडापायी त्याने एका ओळखीच्या घरातून जुने, मोठे, चार इंजिनांचे बॉम्बर विमानाचे किट मागून आणले आहे. त्यावरच त्याने हात बसवावा का? त्याच्याकडे गोंद नाही, म्हणून नेलपॉलिश रिमूव्हर वापरू का, असे तो विचारतो.

उत्तर : ते किट दोन वर्षे बाजूला ठेवावे. मोठ्या जुन्या किटात सांधी जुळवण्याचे काम इतके असते की, विमान आकाराला येण्यापूर्वीच मुलाचा उत्साह संपतो. त्याला 1/72 प्रमाणातले, एका इंजिनाचे, तीस-चाळीस भागांचे नवे किट द्यावे. त्याचे भाग नीट बसतात आणि सुटीच्या आठवड्यात विमान उभे राहते. रिमूव्हरमध्ये बहुधा ॲसिटोन असते आणि ते पॉलिस्टायरीन जोडण्याऐवजी त्याचा पृष्ठभाग चिखलासारखा करून टाकते, म्हणून ते वापरू नये. किटासाठीचाच गोंद आणावा आणि तो खिडकी उघडी ठेवून, गॅसच्या शेगडीपासून दूर बसून वापरावा, कारण त्याची वाफ डोके चढवणारी आणि पेट घेणारी असते. कापण्याचे काम पहिल्या दोन विमानांपर्यंत आपण शेजारी बसूनच करवून घ्यावे, आणि पाते बोथट झाले की लगेच बदलावे. बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि तेच घसरून बोटावर येते.